पोट दिसायच्या आधीपासून: गरोदरपणाचे फोटो आठवड्यामागून आठवडा कसे काढायचे

माझ्या वहिनीच्या पहिल्या वेळी मी कॅमेरा हातात घेतला तो पार एकविसाव्या आठवड्यात. त्याआधी घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, अजून पोट कुठे दिसतंय, मग फोटो कसला काढायचा, आणि मलाही ते तेव्हा पटलं होतं. बाळ झाल्यावर काही महिन्यांनी ती अल्बम घेऊन बसली, पहिल्याच पानावर बोट ठेवलं आणि मला म्हणाली, "ताई, ह्याच्या आधीची मी कुठाय?" मळमळ, दिवसभर डोळ्यांवरची झापड, कुणाला काही सांगितलं नव्हतं ते दिवस, यातलं काहीच त्या अल्बमात नव्हतं. दुसऱ्या वेळी आम्ही सहाव्या आठवड्यापासून सुरू केलं, आणि त्या दोन अल्बमांमधला फरक बघून हे सगळं एकदा नीट लिहून काढावंसं वाटलं.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. आपल्याला बाईचे फोटो काढायचेत, पोट त्यात आपोआप येतं. आणि ती बाई कशी बदलत गेली हे दिसायचं असेल तर तिच्याभोवतीचं बाकी सगळं जागच्या जागी राहायला हवं, म्हणजे तीच जागा, तसाच उजेड, कॅमेऱ्याची तीच उंची, तेच कपडे, तसंच उभं राहणं. निकोलस निक्सन नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने १९७५ पासून आपली बायको आणि तिच्या तीन बहिणी अशा चौघींचा दर वर्षी एक फोटो काढला, चौघी दर वेळी डावीकडून उजवीकडे त्याच क्रमाने उभ्या. बाकी काही करामत नाही, पण क्रम हलला नाही म्हणून चेहऱ्यावरून सरकलेली वर्षं दिसतात. आपण तेच नऊ महिन्यांत करणार आहोत.

कधी सुरू करायचं, किती वेळा काढायचे

गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे टेस्ट पॉझिटिव्ह येते तेव्हाच चौथा-पाचवा आठवडा चालू असतो. पहिला फोटो त्याच सुमाराला काढा. पोट अर्थातच दिसणार नाही, कारण साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आतच असतं. मग ते वर यायला लागतं, विसाव्या आठवड्याच्या आसपास बेंबीपर्यंत पोचतं, छत्तिसाव्याला पार छातीच्या फासळ्यांखाली जाऊन टेकतं. त्यानंतर, विशेषतः पहिलटकरणीत, बाळंतपणाच्या काही आठवडे आधी बाळाचं डोकं खाली सरकतं आणि पोट उतरल्यासारखं दिसतं. छत्तिसावा आणि एकोणचाळिसावा आठवडा शेजारी शेजारी ठेवले की हे इतकं स्पष्ट दिसतं की शेवटच्या महिन्यातला एकही आठवडा सोडू नये असं माझं ठाम मत झालंय.

या हिशोबाने मी वेळापत्रक असं धरते: बाराव्या आठवड्यापर्यंत तीनच फोटो, सहावा, नववा आणि बारावा. तिथून अठ्ठाविसाव्यापर्यंत दर दोन आठवड्यांनी एक. अठ्ठावीस झाले की दर आठवड्याला. पूर्ण चाळीस आठवडे भरले तर २३ वेळा फोटो काढणं होतं आणि हे कुणालाही झेपण्यासारखं आहे. रोज फोटो काढायचा संकल्प बरेच जण करतात, पण थकवा आला की आधी तोच सुटतो आणि मग चुकल्याची रुखरुख लागते, ती या दिवसांत कशाला हवी. अगदीच जमणार नसेल तर पाच फोटो ठरवा, आठ, सोळा, चोवीस, बत्तीस, अडतीस, पण ते मात्र चुकवू नका. आणि सदतिसाव्यानंतर "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणायचं नाही, बाळ कधीही येऊ शकतं.

दिवसातली वेळसुद्धा दर वेळी तीच ठेवा. पहिल्या काही महिन्यांत पचन मंदावतं, पोटात गॅस धरतो, आणि सकाळचं पोट आणि संध्याकाळचं पोट यात एवढा फरक पडतो की संध्याकाळी काढलेला दहावा आठवडा सकाळी काढलेल्या चौदाव्यापेक्षा मोठा वाटतो. मळमळ बहुतेकींना सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सुरू होते आणि चौदा-सोळापर्यंत ओसरते, तेवढे दिवस तिला ज्या वेळी बरं वाटतं ती वेळ धरा, बरेचदा ती सकाळ सरून दुपार व्हायच्या आधीची असते आणि तेव्हा खिडकीचा उजेडही छान असतो.

खिडकी हाच तुमचा स्टुडिओ

थेट ऊन आत येत नाही अशी खिडकी शोधा. येतच असेल तर पातळ पांढरा पडदा लावा. नऊ महिन्यांत सूर्याची वाट बदलते, त्यामुळे सुरुवातीला ज्या खिडकीत सावली होती तिथे सहा महिन्यांनी कडक ऊन पडू शकतं, आणि अशा वेळी घड्याळ धरून बसण्यापेक्षा उजेड बघून अर्धा-एक तास मागेपुढे केलेलं बरं. पडदा असेल तर ही चिंता बरीच कमी होते.

आता उजेडाची दिशा. सगळ्यात जास्त फोटो इथेच बिघडतात. एक पांढरा चेंडू घ्या आणि खिडकीपाशी धरून बघा. खिडकीकडे पाठ करून उभे राहा आणि चेंडू समोर धरा, उजेड तुमच्या मागून सरळ त्याच्यावर पडतोय, तर तो नुसती एक गोल थाळी दिसेल. आता नव्वद अंशात वळा, म्हणजे खिडकी तुमच्या बाजूला आली. चेंडूची एक बाजू उजळली, दुसरीकडे हळूहळू अंधार होत गेला आणि लगेच त्याला गोलाई आली. पोटाचंही तसंच आहे. म्हणून तिचं तोंड आणि पोट खिडकीकडे आणि तुम्ही बाजूला उभे, म्हणजे तुम्हाला ती साइड प्रोफाइलमध्ये दिसते. उजेड पोटाच्या पुढच्या भागावर आणि चेहऱ्यावर पडतो आणि पाठीकडे सावली होत जाते. चौदाव्या-सोळाव्या आठवड्यातला जेमतेम दिसणारा उंचवटासुद्धा या उजेडात कळतो, समोरच्या उजेडात तो सपाट होऊन जातो.

तिला खिडकीपासून मीटर-दीड मीटरवर उभी करा. तिच्या पलीकडची भिंत साधी, एकरंगी, आणि तिच्यापासून निदान एक मीटर लांब, नाहीतर भिंतीवर सावली पडते. पाठीकडची बाजू फारच काळी होत असेल तर त्या बाजूला पांढरा कार्डशीट किंवा पांढरी चादर खुर्चीवर टाकून ठेवा, उजेड परत फेकला जातो. खोलीतले सगळे दिवे बंद करा. खिडकीचा उजेड साधारण ५५०० केल्व्हिनचा (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) आणि पिवळा बल्ब २७०० चा, दोन्ही एकत्र आले की अर्धी त्वचा निळसर, अर्धी नारिंगी होते आणि नंतर एडिटमध्ये ते नीट निस्तरता येत नाही.

कॅमेरा एकदा लावला की हलवायचा नाही

फोन चालतो, अगदी छान चालतो. मागचा कॅमेरा वापरा, समोरचा सेल्फीवाला नको. वाइड म्हणजे ०.५ वाली लेन्स तर अजिबात नको. २ एक्स झूम चांगला असेल तर तो घ्या आणि तीन मीटर लांब जा. याचं कारण अंतर आहे. जवळून काढलं की कॅमेऱ्याच्या जवळची वस्तू फुगून दिसते आणि लांबची बारीक, त्यामुळे समोरून काढलेल्या फोटोत पोट अवाढव्य आणि डोकं लहान येतं, आणि मग ती फोटो बघून म्हणते मी अशी दिसते का. ती तशी दिसत नसते, आपण जवळ उभे असतो.

लेन्सची उंची तिच्या बेंबीपासून छातीच्या खालपर्यंत कुठेतरी ठेवा, १६० सेंटीमीटर उंचीच्या बाईसाठी जमिनीपासून मीटरभर धरा, आणि कॅमेरा वर किंवा खाली झुकलेला नको, अगदी सरळ. फोनमध्ये ग्रिड चालू करा आणि भिंतीच्या खालची पट्टी ग्रिडच्या आडव्या रेषेला समांतर येतेय का बघा. फ्रेम उभी, डोक्यावर आणि पायाखाली थोडी जागा सोडून. पोटाच्या पुढे मात्र भरपूर जागा सोडा, सहाव्या आठवड्यात ती फ्रेम रिकामी-रिकामी वाटेल पण ती जागा अडतिसाव्या आठवड्यासाठी आहे आणि त्यानंतर हातातल्या बाळासाठी.

मग जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा, तीन ट्रायपॉडच्या पायांना आणि दोन तिच्या टाचांना. एवढ्यावर मात्र थांबू नका. दुसऱ्या सिरीजमध्ये माझ्या खुणा फरशी पुसताना निघून गेल्या, लक्षात आलं ते बाविसाव्या आठवड्याच्या दिवशी, आणि मी अंदाजाने ट्रायपॉड लावला. तेव्हा डोळ्याला काही फरक जाणवला नाही, पण सगळे फोटो एकापाठोपाठ लावले तेव्हा त्या एका ठिकाणी वहिनी अचानक उंच होते, भिंत तिरकी होते, आणि पुढच्याच फोटोत परत जागेवर येते. ते परत काढता येण्यासारखं नव्हतं, तो आठवडा गेला तो गेला. आता मी टेप घेऊन भिंतीपासून टाचेपर्यंत, टाचेपासून ट्रायपॉडच्या पुढच्या पायापर्यंत आणि जमिनीपासून लेन्सपर्यंत अशी तीन मापं घेते, झूम किती होता तेही लिहिते, आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवते. तुम्हीही हे पहिल्याच दिवशी करा.

सेटिंग थोडक्यात सांगते. फोनमध्ये लेन्स पुसा, ब्युटी फिल्टर बंद, तिच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर (म्हणजे फोटोतल्या उजेडाचं प्रमाण) लॉक करा आणि उजेड किंचित खाली ओढा, म्हणजे पोटावरचा उजळ भाग पांढराफटक पडत नाही. सिरीजच्या फोटोंना पोर्ट्रेट मोड नको, तो केसांच्या आणि कोपराच्या कडा खातो. दहा सेकंदांचा टायमर किंवा रिमोट. मोठा कॅमेरा असेल तर ५० किंवा ८५ एमएमची लेन्स, ॲपर्चर एफ ४ ते ५.६, शटर निदान १/१२५ सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) लागेल तेवढा वाढवा पण व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग जुळवायचं सेटिंग, ऑटोवर ठेवू नका, डेलाइटला बांधून टाका, नाहीतर दर आठवड्याला भिंतीचा रंग बदलतो. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, ठेवता आली तर उत्तम.

कपडे, आणि रबराचे वळ

सिरीजसाठी एकच जोड, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सहाव्या आठवड्यात घातलेला तो अडतिसाव्यात बसला पाहिजे, म्हणून ताणला जाणारा मऊ होजिअरीचा लांब टॉप किंवा अंगाबरोबरचा ड्रेस घ्या, लांबीला चार बोटं जास्तच, कारण पोट वाढलं की पुढून तो वर चढतो. रंग भिंतीच्या उलट. गडद भिंतीसमोर काळा टॉप घातला की पाठीची आणि पोटाची कड भिंतीतच विरघळते आणि जे दाखवायचं तेच हरवतं. मोठी नक्षी, अक्षरं, पट्टे नकोत. आणि तो जोड धुऊन बाजूला ठेवून द्या, एरवी वापरू नका, नाहीतर सहा महिन्यांत त्याचा रंग उडतो.

पोट उघडं ठेवून फोटो काढायचा असेल तर तासभर आधीपासून सैल गाऊन घालायला सांगा. कमरेच्या रबराचे, मोज्यांचे, ब्रेसियरच्या पट्ट्यांचे वळ त्वचेवर बराच वेळ राहतात आणि बाजूच्या उजेडात ते आणखी ठळक दिसतात. अंगठीचंही लक्षात ठेवा, शेवटच्या महिन्यांत बोटं सुजतात आणि अंगठी चढत नाही, किंवा चढली तर निघत नाही. हातांचे फोटो विसाव्या आठवड्याच्या आसपासच काढून घ्या.

उभं कसं राहायचं

दर वेळी मी तीन फोटो काढते. पहिला प्रोफाइल, तोंड खिडकीकडे. दुसरा त्याच जागी, त्याच अंगाने, फक्त मान कॅमेऱ्याकडे. तिसरा जवळचा, खांद्यापासून वर, नुसता चेहरा. या तिसऱ्याला कुणी महत्त्व देत नाही आणि माझ्या मते सगळ्यात जास्त जपण्यासारखा तोच आहे. पहिल्या तीन महिन्यांत जे काही घडतं ते पोटावर नसतंच, ते चेहऱ्यावर असतं, डोळ्यांखाली आणि ओठांच्या कडेला. वहिनीच्या नवव्या आठवड्याच्या फोटोत तिचे ओठ घट्ट मिटलेत, मळमळ आवरून उभी होती ती, आणि सोळाव्यात तेच ओठ सुटलेत. पोटाच्या फोटोंमधून हे कळलं नसतं.

प्रोफाइलचा क्रम असा. टाचा खुणेवर. वजन दोन्ही पायांवर, गुडघे ताठ कुलूप लावल्यासारखे नकोत, जरा सैल. खांदे वर करून खाली सोडायचे. कॅमेऱ्याच्या बाजूचा हात कोपरात वाकवून कमरेच्या मागे, म्हणजे हात आणि पाठ यांच्यामधून भिंत दिसते आणि पोट झाकलं जात नाही. पलीकडचा हात पोटाखाली. मुद्दाम पाठ वाकवून पोट पुढे काढायचं नाही, पोट आत ओढायचं तर मुळीच नाही. एक श्वास घेऊन सोडायला सांगा आणि सोडताना फोटो घ्या. ही पोज दिसायला साधी आहे आणि साधीच हवी, कारण ती २३ वेळा जशीच्या तशी करायचीये. चाळिसाव्या आठवड्याला पाठीचा बाक किती वाढला, मान किती मागे गेली, हे तेव्हाच दिसेल जेव्हा तिने ते मुद्दाम केलेलं नसेल.

सिरीजबाहेरच्या मोकळ्या फोटोंना मात्र पोज सांगत बसू नका. वहिनी दर वेळी विचारायची, "अगं ताई, हात कुठे ठेवू?" आणि मी आधी सांगायचे एक वर, एक खाली, आणि ते हात लाकडासारखे दिसायचे. मग एकदा मी विचारलं, आत्ता कुठे हलतंय? तिचा हात आपोआप उजवीकडे फासळीखाली गेला, डोळे खाली वळले, आणि फोटो झाला. पहिल्या वेळी बाळाची हालचाल साधारण अठरा ते वीस आठवड्यांत जाणवायला लागते, दुसऱ्या वेळी थोडी आधी, तेव्हापासून हा प्रश्न विचारता येतो. पोटावर हात ठेवलेली बाई ही चित्रकलेतही जुनी गोष्ट आहे, मार्कस घीरार्ट्स या चित्रकाराने १५९५ च्या सुमाराला काढलेल्या एका अनोळखी गरोदर स्त्रीच्या चित्रात तिचा हात असाच पोटावर आहे, ते चित्र लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे.

तिची तब्येत आधी, फ्रेम नंतर

साधारण वीस आठवड्यांनंतर तिला सपाट पाठीवर झोपवून फोटो काढत बसू नका. गर्भाशयाचं वजन पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतं, हृदयाकडे परत जाणारं रक्त कमी होतं, बीपी उतरतं आणि चक्कर येते. झोपलेला फोटो हवाच असेल तर डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी देऊन, किंवा उशा रचून अर्धवट बसती. डाव्या कुशीचा फोटो मला तर उभ्यापेक्षा जास्त आवडतो, चेहरा निवांत होतो.

एका जागी स्थिर उभं राहिलं की पायात रक्त साठतं आणि तेव्हाही गरगरतं. म्हणून ट्रायपॉड, उजेड, फोकस सगळं आधी दुसऱ्या कुणाला तरी उभं करून तपासून घ्या, मगच तिला बोलवा. तिचं काम दहा मिनिटांत संपलं पाहिजे. हाताशी खुर्ची, पाणी, आणि आधी बाथरूमला जाऊन ये म्हणून सांगायचं. पोट वाढतं तसा शरीराचा तोल पुढे सरकतो, त्यामुळे स्टुलावर, दगडावर, शिडीवर, ओल्या फरशीवर उभी करायची नाही, फोटो कितीही चांगला येणार असला तरी. फ्लॅशने बाळाला काही होत नाही, ती भीती सोडून द्या. पण रक्तस्राव, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, डोकं सणकून दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, यातलं काहीही झालं तर कॅमेरा बाजूला आणि ताबडतोब डॉक्टर.

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर सिरीज थांबवायची गरज नाही. पलंगाशेजारी तीच पद्धत लावा, तीच कुशी, तीच उशी, तीच उंची. ते दिवससुद्धा तिचेच आहेत.

सिरीजच्या बाहेरचं

पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफीचा पहिला कागद हातात धरलेला एक फोटो घ्या, आणि त्या कागदाचाही वेगळा, सपाट, वरून, सावली न पडता. तो कागद थर्मल असतो, बिलासारखा, उजेडाने आणि उष्णतेने काही वर्षांत फिका पडतो. जपून ठेवायचा म्हणून कुणी लॅमिनेट करायला देतं आणि मशीनच्या उष्णतेने तो काळा होऊन बाहेर येतो. आधी फोटो किंवा स्कॅन, मग बाकी सगळं.

मधले तीन महिने बहुतेकींना अंगात जीव आल्यासारखं वाटतं. बाहेर चालतानाचे, मोठं मूल असेल तर त्याने पोटाला कान लावलेला, नवऱ्याबरोबरचा, असे सगळे फोटो अठरा ते अठ्ठावीसमध्ये उरकून घ्या.

मोठा, भिंतीवर लावायचा पोर्ट्रेट तीस ते चौतीस आठवड्यांत काढा. पोट पूर्ण गोल असतं आणि ती अजून सहज वावरू शकते. जुळी असतील तर सव्वीस ते तीस, जुळी बरेचदा लवकर येतात. या फोटोसाठी सिल्हूट, म्हणजे उजेडासमोरची नुसती काळी आकृती, सोपं आणि सुंदर पडतं. तिला खिडकीसमोर बरोबर आडवी उभी करा, उजेड तिच्या मागे, फोनवर खिडकीच्या उजळ भागावर बोट ठेवून एक्स्पोजर लॉक करा म्हणजे ती काळी होईल. इथे दोन्ही हात पोटापासून सुटे हवेत किंवा अगदी वर-खाली, मध्ये आले की कडेची रेषा तुटते, आणि नाकाची रेषा दिसायला मान पूर्ण आडवी. ज्यांना अंग दाखवायचा संकोच वाटतो त्यांच्यासाठीही हा चांगला मार्ग आहे. उघड्या पोटाचा पोर्ट्रेट आज सहज काढला जातो, पण ऑगस्ट १९९१ मध्ये फोटोग्राफर ॲनी लीबोव्हिट्झने काढलेला गरोदर हॉलिवूड अभिनेत्री डेमी मूरचा फोटो मासिकाच्या मुखपृष्ठावर आला तेव्हा काही ठिकाणी तो अंक कागदात गुंडाळून विकला गेला होता. तेव्हा कुणाला संकोच वाटला तर तो समजून घ्या, आग्रह करू नका.

बेंबीपासून खाली जाणारी काळपट रेघ, ताणाचे व्रण, बाहेर आलेली बेंबी, गालावरचे डाग, यांचे जवळून फोटो काढायचे का हे तिलाच विचारा. काढायचे असतील तर बाजूचा उजेड, तो पोत दाखवतो. नको असतील तर तिला खिडकीकडे पूर्ण वळवा आणि तुम्ही खिडकीकडे पाठ करून उभे राहा, समोरच्या मऊ उजेडात ते आपोआप निवळतात आणि एडिटमध्ये खाडाखोड करायची वेळ येत नाही. मी एडिटमध्ये त्वचा गुळगुळीत करत नाही, दंड बारीक करत नाही. डाग काढले, सूज उतरवली, तर मग नोंद कशाची केली?

फोटो जुळवणं, नावं, प्रती

पहिल्या फोटोचं एडिट ठरवा आणि तेच सगळ्यांना कॉपी-पेस्ट करा. एकावर एक रचताना बरेच जण माणसाला मधोमध आणतात, तसं करू नका, कारण पोट पुढे वाढतं तसा मध्य सरकतो आणि ती मागे मागे जाताना दिसते. टाचा आणि भिंतीची खालची पट्टी, या दोन गोष्टी सगळ्या फोटोंत एकाच जागी आणा. प्रोफाइलचे २३ फोटो प्रत्येकी अर्धा सेकंद ठेवले की साडेअकरा सेकंदांचा व्हिडिओ होतो, शेवटचा दोन सेकंद जास्त थांबवा.

फाइलच्या नावात वर्ष, महिना, तारीख आणि आठवडा याच क्रमाने लिहा, म्हणजे त्या आपोआप ओळीने लागतात. तीन प्रती, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. आणि छापून घ्या. १२ मेगापिक्सेलच्या फोनचा ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण १३ बाय १० इंच सुरेख छापला जातो. प्रत्येक फोटोखाली एक ओळ तिच्या शब्दांत, त्या दिवशी ती जे म्हणाली ते. "आज पहिल्यांदा बुटाची लेस बांधता आली नाही" एवढंसुद्धा पुरे.

हे फोटो कुणाचे

तिचे. तुमचे नाहीत, नवऱ्याचे नाहीत, सासर-माहेरचे नाहीत. तिने सांगायच्या आधी बातमी तुमच्या फोनमधून बाहेर जाता कामा नये, म्हणून सुरुवातीचे फोटो वेगळ्या, लॉक असलेल्या फोल्डरमध्ये ठेवा आणि फॅमिली ग्रुपशी जोडलेला ऑटो-शेअर असेल तर आधी बंद करा. काय दाखवायचं, कुणाला, कधी, हे दर फोटोमागे विचारायचं. एकदा हो म्हणाली म्हणजे सगळ्याला हो असं होत नाही.

आणि एक गोष्ट लिहिताना हात थांबतो, पण ती लिहिल्याशिवाय हे अपुरं राहील. प्रत्येक गरोदरपण बाळापर्यंत पोचत नाही, आणि पहिल्या तीन महिन्यांत तशी शक्यता जास्त असते. तसं झालं तर फोटो डिलीट करू नका. दाखवायलाही जाऊ नका. एका फोल्डरमध्ये नीट ठेवा, तिला एकदाच सांगा की ते आहेत, सुरक्षित आहेत, आणि विषय बंद. काहीजणी कधीच मागत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एकीने खूप दिवसांनी मागितला, आठव्या आठवड्याचा एकच फोटो होता. मी तो छापून पाकिटात घालून दिला, तिने तो माझ्यासमोर उघडला नाही आणि मी विचारलं नाही. त्या बाळाची तिच्याकडे तेवढी एकच खूण होती. लवकर सुरुवात करा असं मी इतक्या आग्रहाने सांगते त्याचं हेही एक कारण आहे.

बाळ आल्यावर

सिरीज चाळिसाव्या आठवड्याला संपवू नका. बाळंतपणानंतर लगेच गर्भाशय अजून बेंबीपर्यंत असतं, पोट पाचव्या-सहाव्या महिन्यासारखं दिसतं, आणि ते पूर्ववत आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात. हे कुणी आधी सांगत नाही आणि मग आरशासमोर बायका घाबरतात. तिला बरं वाटत असेल, टाके दुखत नसतील, तर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एक आणि सहाव्यात एक, असे दोन फोटो त्याच खुणेवर, त्याच कपड्यात. दूध पाजणाऱ्या बाईला तो टॉप अडचणीचा होत असेल तर पुढून उघडणारा त्याच रंगाचा घ्या.

बाळ कॅमेऱ्याच्या पलीकडच्या हातावर, डोकं कोपराच्या घडीत, चेहरा खिडकीकडे, पण थेट ऊन डोळ्यांवर नको. पाजून झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत बाळ झोपेला आलेलं असतं, तेव्हाच घ्या, आणि शेजारी एक माणूस नुसता हात पुढे धरून उभा हवा, फ्रेमच्या बाहेर. पोटापुढे सोडलेली ती सगळी जागा आता बाळाने भरते. टाचा मापून परत खुणेवर आल्या का बघा, तीन मापांचा कागद काढा, फोकस लॉक करा, आणि हा फोटो दोन ठिकाणी सेव्ह झाला की मगच जमिनीवरच्या पट्ट्या उचला.